सोआवेची बाटली मिळाली तर मिसळ लांब ठेवा

मामेभाऊ इटलीहून आला तेव्हा काल्वारिनो नावाच्या सोआवेची, म्हणजे तिकडच्या व्हाइट वाइनची, एक बाटली घेऊन आला, आणि मी शहाण्याने ती दोन तास फ्रीझरमध्ये टाकून रविवारी मिसळीच्या पार्सलसोबत उघडली. पहिला घोट बर्फाचं पाणी, दुसऱ्याला तोंडात नुसती आग. पुढच्या वेळी तो आला तेव्हा दुसरी मागवून घेतली आणि नीट प्यायलो, म्हणून सांगतोय.

आधी लेबल वाचा. सोआवे म्हणजे वेरोनाच्या पूर्वेचं किल्ल्याचं गाव, द्राक्ष गार्गानेगा, ते निदान 70 टक्के तरी असावंच लागतं. नुसतं सोआवे लिहिलंय तर माल त्या पट्ट्यातला कुठलाही असू शकतो, क्लासिको म्हणजे जुना डोंगराकडचा भाग, आणि काल्वारिनो किंवा ला रोक्का असं नाव असेल तर एकाच प्लॉटचा माल. आपले बागायतदार नाही का म्हणत, त्या विहिरीकडच्या प्लॉटची गोडीच वेगळी, तसंच ते. पिएरोपान या तिथल्या वाइन बनवणाऱ्या घराण्याने काल्वारिनो पहिल्यांदा वेगळी काढली 1971 ला. जमीन बेसॉल्टची, म्हणजे आपली पांडवलेणी ज्यात कोरलीत त्याच जातीचा दगड, आणि वेली चक्क मांडवावर! लाकडी पिंपाचा वास तिला नसतो. ला रोक्का त्यांचीच, पण चुनखडीच्या जमिनीतली आणि पिंपात मुरवलेली, ती जरा भरीव लागते.

आता थंड किती करायची. फ्रीजचे 4 डिग्री हिला फारच थंड होतात, 10 ते 12 ला ठेवा, म्हणजे फ्रीजमधून काढून वीसेक मिनिटं ओट्यावर राहू द्या (मे महिन्यात दहा पुरेत, नाशिक काही पूर्वीसारखं थंड राहिलं नाही). ग्लास अर्ध्याच्याही खाली भरा आणि आधी वास घ्या. सुरुवातीला पांढऱ्या फुलांचा, नासपतीचा वास येतो, मग लिंबाची आंबट धार, आणि घोट गेल्यावर मागे हलका कडवटपणा राहतो, मूठभर बदाम खाताना एखादा कडू निघतो ना, त्याच्या पाव भाग. काहींना वाटतं वाइन खराब झाली, नाही हो, गार्गानेगाची ओळखच ती.

खायला काय? तिकडे मासे, रिसोतो म्हणजे त्यांचा मऊ भात, मोंते वेरोनेझे चीज. आपल्याकडे माझ्या मते सुरळीची वडी एक नंबर, बेसन मऊ, वर ओलं खोबरं कोथिंबीर, तिखट जवळपास नाहीच, आणि त्या बदामाच्या कडवटपणाला खोबरं असं काही धरतं की आईनेसुद्धा अर्धा ग्लास मागितला. फोडणीत मिरची मात्र टाकू नका. कोथिंबीर वडी तळलेली असली तरी चालते, आंबटपणा तेल कापतो. रवा लावलेलं पापलेट, मसाला बेतानेच. साबुदाणा वडा ठीक, सोबतची हिरवी चटणी बाजूला सारा.

मिसळ, ठेचा नकोच, अल्कोहोलने तिखट अजून भडकतं आणि वाइनची चव मरते. पुरणपोळीसोबत तर वाइन नुसती आंबट लागते.

उरली तर बूच लावून फ्रीजमध्ये, दोन-तीन दिवस टिकते. आमच्याकडे उरली नाही, आई होती ना.