नॅसकारमध्ये क्रू चीफ व्हायचं असेल तर

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमच्या आबांचं गॅरेज होतं. गिऱ्हाईक "गाडी ओढतीय" म्हणालं की आबा लगेच पाना उचलायचे नाहीत. आधी विचारायचे, "कुठं ओढतीय? चढाला का वळणाला? थंड असताना का तापल्यावर?" आज मी नॉर्थ कॅरोलायनातल्या मुर्सव्हिलला एका नॅसकार (अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यती) संघात इंजिनिअर आहे, आणि आमचा क्रू चीफ, म्हणजे गाडीच्या चमूचा प्रमुख, रेडिओवर ड्रायव्हरला हेच विचारतो.

गाडीचा सेटअप (स्प्रिंगा, वजनाची वाटणी, हवा यांची जुळवणी) काय ठेवायचा, पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या थांब्यावर, कधी बोलवायचं, दोन टायर बदलायचे की चार, इंधन किती भरायचं हे सगळं क्रू चीफ ठरवतो. जबाबदारीही त्याचीच. 2022 साली शर्यतीत चाक निखळून पडलं तर क्रू चीफला चार शर्यती बाहेर बसावं लागे, नट दुसऱ्याच कुणी आवळलेला असला तरी.

या पदाकडे जायच्या वाटा मुख्यतः दोन. चॅड नाऊस इलिनॉयमध्ये वडिलांच्या गाडीवर शिकला, मग हेंड्रिक संघात पत्र्याची कामं केली, टायर बदलले, आणि पुढे ड्रायव्हर जिमी जॉन्सनबरोबर कप या सर्वोच्च मालिकेची सात विजेतेपदं मिळवली. क्लिफ डॅनियल्स मात्र रेस इंजिनिअरचा क्रू चीफ झाला. 2021 साली ड्रायव्हर काइल लार्सननं कपचं विजेतेपद जिंकलं ते त्याच्याच हाताखाली. 2022 पासून गाडीचे बहुतेक भाग सगळ्या संघांना ठरावीक पुरवठादारांकडूनच घ्यावे लागतात. त्यामुळे फरक पडतो तो सेटअपमध्ये, आणि म्हणून इंजिनिअरची वाट रुंद झाली आहे.

भारतातून येणाऱ्यांना तीच सोयीची. कॉलेजात बाहा किंवा फॉर्म्युला स्टुडंट या विद्यार्थी स्पर्धांची गाडी स्वतःच्या हातानं बांधा. शार्लटच्या विद्यापीठात मोटरस्पोर्ट्स इंजिनिअरिंग शिकवतात. तिथल्या प्रयोगशाळेला अ‍ॅलन कुलविकीचं नाव आहे. तो स्वतः इंजिनिअर होता, संघाचा मालक आणि ड्रायव्हरही, आणि 1992 चा कप विजेता.

पण खरं शिक्षण शनिवारी. हिकरीसारख्या छोट्या ट्रॅकवर लेट मॉडेल (स्थानिक शर्यतींच्या स्टॉक कार) गाड्यांचे संघ चार-पाच माणसांवर चालतात. त्यांना फुकटचे हात हवेच असतात. झाडू मारा, टायर वाहा आणि वजनकाट्यापाशी उभे राहा. चार चाकांखाली चार काटे ठेवतात. पुढचं उजवं आणि मागचं डावं यांची बेरीज एकूण वजनाच्या किती टक्के, तो क्रॉस. क्रॉस वाढवला की गाडी टाइट होते, म्हणजे नाक वळत नाही. कमी केला की लूज, म्हणजे शेपूट बाहेर येते.

पहिल्या वर्षी मी हवा न तपासताच वजन केलं. मागच्या उजव्या चाकात हवा कमी होती. काट्यावर आकडा अगदी बरोबर दिसला. शर्यतीआधी हवा भरली, क्रॉस उतरला, आणि दहाव्या लॅपला ड्रायव्हर ओरडला, "लूज!" गाडी भिंतीला घासली. तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे: जमीन समतल, चारही चाकांची हवा, टाकीतलं इंधन, सीटवर ड्रायव्हरच्या वजनाच्या पिशव्या, आणि मगच काटे.

एक वही ठेवा. डाव्या पानावर ड्रायव्हरचे शब्द जसेच्या तसे, उजव्या पानावर काय बदललं आणि काय झालं. शार्लटची 600 मैलांची शर्यत उजेडात सुरू होते आणि रात्री संपते. ट्रॅक थंड होत जातो तशी गाडी टाइट होत जाते. मग पिटमध्ये मागच्या काचेतल्या भोकातून पाना घालून वेज उतरवतात, म्हणजे क्रॉस कमी करतात. किती फेरे, हे मागच्या वर्षीची वही सांगते. एकाच "टाइट"चा अर्थ दोन ड्रायव्हरांच्या तोंडी वेगळा असतो, हेही वहीतूनच कळतं.

पुढची मालिकांची शिडी खालून वर अशी: आर्का, ट्रक, दुसऱ्या क्रमांकाची मालिका, मग कप. मेकॅनिक असाल तर मध्ये कार चीफ (गाडीच्या कामात क्रू चीफचा उजवा हात) व्हाल, नाहीतर रेस इंजिनिअर. आधी खालच्या मालिकेत क्रू चीफ होण्याची संधी मिळाली तर सोडू नका. दहा-पंधरा वर्षं धरून चाला. परदेशी विद्यार्थ्यांना अमेरिकेत पदवीनंतर कामासाठी मिळणाऱ्या प्रशिक्षण परवान्याची मुदत मात्र तीनच वर्षं, म्हणून ओळखी शिकत असतानाच व्हायला हव्यात.

घरच्यांना आधीच सांगून ठेवा: हंगाम फेब्रुवारीत सुरू होतो, नोव्हेंबरात संपतो, आणि दिवाळी बहुधा शेवटच्या निर्णायक शर्यतींच्याच आसपास येते. मी आईला फराळ नोव्हेंबरच्या मध्यावर पाठवायला सांगते.