बर्नर धूर सोडतोय? डिफ्युझरची पाती पिळू नका

डिझेल बर्नरमधून काळा धूर यायला लागला की नवीन मुलं आधी डिफ्युझरला हात घालतात. ही चूक इतक्यांदा पाहिली आहे की आता लिहायलाच हवं.

डिफ्युझर म्हणजे तेलाचा फवारा सोडणाऱ्या नोझलभोवतीची तिरप्या पात्यांची चकती. तिच्यातून येणारी हवा गरगरते, मधोमध दाब उतरतो आणि जळलेले तप्त वायू उलटे नोझलकडे ओढले जातात. त्या उष्णतेवर तेलाच्या थेंबांची वाफ होते, ज्योत जागेवर टिकते. फिरकी फार कमी असेल तर हा भोवरा तयारच होत नाही. पण म्हणून जास्त फिरकी चांगली, असं अजिबात नाही.

एका कारखान्यात दोन टनी (तासाला दोन टन वाफ देणाऱ्या) बॉयलरच्या ऑपरेटरने पकडीने सगळी पाती आणखी तिरपी केली. ‘साहेब, हवा जास्त फिरली की डिझेल चांगलं मिसळतं ना?’ ज्योत आखूड आणि रुंद झाली, तीन दिवस सगळे खूश. चौथ्या दिवशी मला फोन. बर्नर बाहेर ओढला तर तोंडाच्या विटांवर मुठीएवढा कोळसा, त्यावर कच्चं डिझेल चमकत होतं.

फवाऱ्यातले थेंब एकसारखे नसतात. दहा-वीस मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थेंब हवेबरोबर वळतो. 100 मायक्रॉनचा वळत नाही, गोफणीतल्या दगडासारखा बाहेर फेकला जातो. 50 मायक्रॉनच्या थेंबापेक्षा त्यात आठपट तेल असतं आणि त्याची वाफ व्हायला चौपट वेळ लागतो. तेवढ्यात तो भिंतीला जाऊन चिकटतो.

मग एवढे जाड थेंब आले कुठून? दाब मोजायचा गेज लावला. पंपाचा दाब 12 बार हवा होता, होता 7. फिल्टर तुंबलेला. दुखणं तेलाच्या बाजूला होतं आणि इलाज हवेवर चालला होता. फिल्टर, नोझल, डिफ्युझर तिन्ही बदलले. नुसत्या फिल्टरवर भागलं असतं तर मालकाचा खर्च आणि चार दिवस वाचले असते, याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून माझा क्रम ठरलेला: आधी दाब, मग नोझल, हवा सगळ्यात शेवटी.

नोझलचं भोक तारेने साफ करू नका. एक ओरखडा पडला की फवारा कलतो. सरळ नवीन घाला.

60 अंशांच्या फवाऱ्याचं नोझल मिळालं नाही म्हणून 80 चं बसवू नका. भट्टी अरुंद असेल तर थेंब थेट भिंतीवर जातात.

नोझलचं टोक आणि डिफ्युझर यांतलं अंतर खोलण्याआधी मोजा. दोन-तीन मिलिमीटरनेही ज्योत बदलते. मी व्हर्नियरने मोजून आकडा बर्नरच्या झाकणावर आतून लिहून ठेवतो.

आणि पाच मिनिटांत निकाल सांगू नका. थंड भट्टीत थेंबांची वाफ उशिरा होते, सुरुवातीला थोडा धूर दिसू शकतो. मी अर्धा तास चालवतो, बंद करतो, निवल्यावर बर्नर पुन्हा ओढून विटांवरून पांढरं फडकं फिरवतो. तेलकट डाग आला तर पुन्हा दाबापासून सुरुवात.