ट्रामचा पोल तारेवर टिकवायचा कसा

नागपुरात ट्राम कधी धावली नाही. तरी शाळांची विज्ञान प्रदर्शनं जवळ आली की महाल भागातल्या माझ्या मोटर वाइंडिंगच्या दुकानात एखादं पोट्टं वडिलांना घेऊन हजर होतंच : "काका, वरच्या तारेवर चालणारी गाडी बनवायची आहे." गाडीत विशेष काही नाही. गिअरवाली मोटर, चार चाकं, वर डबा. घोडं अडतं ते छतावर. अजनीच्या पुलावरून इंजिनाचा पँटोग्राफ, म्हणजे छतावरून उठून वरच्या तारेला टेकणारा घडीचा सांगाडा, पाहिलेला असतो, मग पितळी पत्ती वाकवून कसाबसा एक पँटोग्राफ केला जातो. गाडी दोन फूट जाते, ठिणगी मारते आणि थांबते.

माझं सरळ सांगणं असतं, पँटोग्राफच्या नादी लागू नका. जुन्या ट्रामवर असायचा तसा एकच लांब पोल बनवा : टोकाला खाचेचं चाक, बुडाला स्प्रिंग आणि मागे लोंबणारी दोरी. घरच्या अवजारांत होतो, चुकला तर कुठे चुकला ते डोळ्यांना दिसतं, आणि शेवटच्या स्टॉपवर तो हाताने फिरवावा लागतो. प्रदर्शनात गर्दी तिथेच होते.

विजेच्या ट्रामच्या अगदी सुरुवातीला तारेच्या वरून धावणारी एक छोटी गाडी असायची, तिला ट्राम केबलने ओढत न्यायची. ती वारंवार घसरून खाली पडायची. चार्ल्स व्हॅन डेपोलने १८८५ मध्ये टोरांटोच्या प्रदर्शनात पोल वापरला, आणि १८८८ मध्ये फ्रँक स्प्रेगने अमेरिकेतल्या रिचमंड शहराची अख्खी ट्राम त्यावर चालवून दाखवली. युक्ती एवढीच की चाक तारेवर बसवायचं नाही, खालून वर दाबायचं. मग वजन त्याला पाडत नाही, आणि स्प्रिंग त्याला सोडत नाही. कलकत्त्याला १९०२ साली आणि मुंबईला ७ मे १९०७ रोजी विजेच्या ट्राम सुरू झाल्या, त्या हेच पोल घेऊन.

मापं

मी १ ला २० हे प्रमाण धरतो. खऱ्या रस्त्यावर तार साधारण ६ मीटर उंच असते, म्हणजे आपली रुळांपासून ३० सेंटिमीटर. पोलचा बुंधा छतावर १७ सेंटिमीटर उंचीला येतो. उरले १३. पोल २२ सेंटिमीटरचा घेतला की तो ३५ ते ४० अंशांत तिरपा उभा राहतो, ते बरोबर आहे. याहून उभा केला तर तारेच्या प्रत्येक खाचखळग्याला अडखळतो. फार आडवा केला तर वळणावर पसरतो.

मार्ग असा आखा : दीड मीटर सरळ, मग ६० सेंटिमीटर त्रिज्येचं काटकोनी वळण, मग पुन्हा मीटरभर सरळ. गोल वर्तुळ करू नका, पोल फिरवायची वेळच येणार नाही. रूळ म्हणून लोखंडाची १२ बाय ३ मिलिमीटर पट्टी प्लायवूडला चर पाडून उभी बसवा. लोहाओळीत कोणीही कापून देईल.

तार

घराच्या अर्थिंगची १४ गेजची उघडी तांब्याची तार घ्या, २ मिलिमीटर जाडीची. वाइंडिंगची तार नको, तिच्यावर इनॅमल असतं आणि ते घासून काढताना जीव जातो. गुंडाळीतून सुटलेली तार कितीही हाताने सरळ केली तरी लहरी राहतातच. त्याला एकच उपाय. एक टोक व्हाइसमध्ये पकडा, दुसरं पकडीत धरा आणि पाय रोवून झटका न देता ओढा. आधी काही होत नाही. मग एकदम हाताला जाणवतं की तार 'सुटली', पाचसहा मिलिमीटर लांब झाली. तिथे थांबा. आता ती सुतासारखी सरळ असते आणि आधीपेक्षा कडकही. ट्रामची खरी तारही अशीच, खेचून कडक केलेल्या तांब्याची असते.

तार खांबाच्या आडव्या दांड्याला थेट बांधायची नाही. दांड्यापासून दीडेक सेंटिमीटर खाली लोंबणारा पितळी तुकडा घ्यायचा आणि तारेच्या वरच्या अंगाला सोल्डर करायचा. वरच्याच अंगाला. खाली आणि बाजूंना सोल्डरचा थेंब उतरला तर चाकाची कड त्यावर चढणार आणि पोल उडणार. २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न इथे पुरत नाही, तांबं उष्णता खाऊन टाकतं. ६० वॅटचं घ्या. नंतर बारीक कानस खालून फिरवा आणि बोटाचं नख तारेवरून घासत न्या. नख अडलं तर चाकही अडेल.

सरळ भागात ४० सेंटिमीटरवर एक खांब पुरे. वळणावर दर १० सेंटिमीटरला एक लागतो, कारण ताणलेली तार गोल वळत नाही, तुकड्यातुकड्याने वळते आणि प्रत्येक खांबापाशी कोपरा पडतो. कोपरा मोठा झाला की चाक सरळ निघून जातं. सगळे खांब वळणाच्या बाहेरच्या अंगाला लावा : तार आत ओढ घेते, खांब तिला बाहेर धरून ठेवतात.

पुढची गोष्ट कोणाला सहसा सुचत नाही. वळणावर तार रुळांच्या मधोमध ठेवायची नाही, आत सरकवायची. पोलचं चाक बुंध्याच्या बरंच मागे असतं, आणि तारेवरून ते बिनघोर धावायचं तर पोल तारेच्या वळणाला स्पर्शिकेसारखा लागला पाहिजे. म्हणजे काटकोन त्रिकोण आला. कर्ण म्हणजे रुळांची त्रिज्या ६०, पोलची आडवी लांबी सुमारे १८, उरलेली बाजू म्हणजे तारेची त्रिज्या ५७.२. तार पावणेतीन सेंटिमीटर आत! नववीच्या पोरांना पायथागोरसचा असा उपयोग दाखवला की ती आधी हसतात, मग स्वतः मोजून पाहतात. खऱ्या ट्रामच्या वळणांवरही तार आतल्या बाजूला सरकवलेली असायची, ती याच हिशोबाने.

आपल्याकडे आणखी एक भानगड आहे. जानेवारीतल्या पहाटे १० अंशांवर ताणलेली तार मे महिन्यात ४५ अंशांवर सैल पडते. तुमच्या साडेतीन मीटरच्या मार्गावर फरक दोन मिलिमीटरचा, पण एक किलोमीटर तार धरली तर ६० सेंटिमीटरचा. म्हणून एका टोकाला तार खिळ्याला न बांधता जाड स्प्रिंगला बांधा, ती सैलपणा ओढून घेते.

चाक आणि बेचकं

चाक लेथवाल्याकडून पितळेचं करून घ्या : व्यास १० मिलिमीटर, रुंदी ६, खाच अडीच मिलिमीटर खोल. प्रमाणाने ते ५-६ मिलिमीटरचं यायला हवं, पण एवढ्या बारक्या चाकात खाच राहत नाही. इथे प्रमाण सोडा. खाचेचा तळ गोल हवा आणि तारेहून थोडा रुंद, ३ मिलिमीटर. टोकदार व्ही आकाराची खाच काढली तर तार तिच्यात पाचरीसारखी अडकते.

पोलसाठी ३ मिलिमीटरची पितळी नळी. टोकाला अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्याचं बेचकं, त्यात चाक आणि २ मिलिमीटरची पिन. चाक पिनवर सैल फिरलं पाहिजे, पण सैल पिनमधून करंट नीट जात नाही, गाडी धक्के खाते. म्हणून चाकाच्या दोन्ही अंगांना पातळ स्प्रिंग वॉशर घाला, ते चाकाला हलकेच घासत राहतात. करंट त्यांच्यातून जातो, पिन फक्त वजन धरते. बेचक्याच्या सगळ्या कडा कानसून गोल करा, चाकाच्या कडेच्या वर काहीही डोकावू देऊ नका.

स्प्रिंग

सगळी मेख इथे आहे. खऱ्या ट्रामचा पोल तारेला साधारण १० किलोच्या आसपास जोराने वर दाबायचा. आपल्याला ३० ग्रॅम पुरतात. कमी असेल तर ठिणग्या, जास्त असेल तर तारच वर उचलली जाते आणि चाक झिजतं.

बुंध्यापाशी पोलला वरच्या बाजूने १२ मिलिमीटरचा एक छोटा आखूड दांडा सोल्डर करा. त्याच्या टोकापासून पुढे, म्हणजे पोलच्या उलट दिशेला, दोन बारीक ओढस्प्रिंग हुकाला अडकवा. जुन्या टेपरेकॉर्डरमध्ये हव्या तशा सापडतात. स्प्रिंग दांड्याला पुढे ओढते, पोलचं मागचं टोक वर जातं. आता हा दांडा उभा बसवायचा की झुकलेला? पोल तारेच्या उंचीला असताना दांडा थोडा मागे, पोलच्या बाजूला झुकलेला हवा. कारण तार खाली आली की पोल दबतो, स्प्रिंग जास्त ताणली जाते, तिचा जोर वाढतो. पण त्याच वेळी दांडा आणखी मागे झुकतो आणि स्प्रिंगची तरफ कमी होते. एक वाढतं, एक घटतं, दाब जवळपास तोच राहतो. दांडा पुढे झुकलेला ठेवला तर तार वर गेली की जोर आणि तरफ दोन्ही एकदम कमी होतात, आणि पोल नेमका तिथेच तार सोडतो.

मोजायला सोपं आहे. टोकाला दोरा बांधा, त्यात नट ओवत जा. ३० सेंटिमीटर उंचीला पोल तरंगत राहिला की नट काढून स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. मग दोन सेंटिमीटर वर आणि दोन सेंटिमीटर खाली तेच करून पाहा. तिन्ही आकडे पाचेक ग्रॅमच्या फरकात आले तर उत्तम. नाही आले तर हुकासाठी आधीच तीन-चार भोकं पाडून ठेवा आणि बदलून पाहा. हा उद्योग एका संध्याकाळचा आहे, त्याला घाई करू नका. घाईत केलेला पोल लगेच ओळखू येतो, गाडी चालताना टोक थरथरून राहतं.

बुंधा आडवाही फिरला पाहिजे. त्याला ६ मिलिमीटरचा बोल्ट आणि ६२६ नंबरचं बेअरिंग लावा. बेअरिंगमधून करंट नेऊ नका, पोलपासून खाली मोटरपर्यंत मऊ वायर सोडा.

वीज आणि चालवणं

खऱ्या ट्रामला ५०० ते ६०० व्होल्ट डीसी असायचा, वरची तार पॉझिटिव्ह, रूळ निगेटिव्ह. तुम्ही १२ व्होल्ट, २ अँपिअरचा अडॅप्टर घ्या आणि मध्ये फ्यूज टाका. तार उघडी आहे आणि प्रदर्शनात प्रत्येक जण तिला बोट लावून पाहणारच; घरची २३० व्होल्टची वीज तारेच्या आसपासही नको. मोटर १२ व्होल्टची, १०० आरपीएमची, चाकं ३० मिलिमीटरची लोखंडी. रुळाकडून परतणारा करंट घ्यायला जुन्या रिलेची लवचिक पत्ती ॲक्सलला घासत ठेवा. पुढे-मागे करायला सहा पायांचा, मधे बंद होणारा स्विच.

आता नियम एकच : पोल नेहमी गाडीच्या मागे ओढला गेला पाहिजे. पुढे ढकलला तर सरळ भागात कदाचित निभावेल, पण पहिल्या खांबाशी टोक अडलं की पोल बाजूला उसळतो. सुटलेला पोल स्प्रिंगने सरळ वर जातो आणि आडव्या दांड्यांवर आपटत सुटतो. म्हणून ट्रामवाल्यांनी मागच्या बाजूला दोरीची पेटी बसवली होती. पोल उसळला की ती दोरी जागच्या जागी अडकवून ठेवायची. आपल्याला बेचक्याच्या खाली बांधलेला सुती दोरा पुरतो. नायलॉनचा घेऊ नका, निसटतो.

शेवटच्या स्टॉपवर आधी स्विच बंद. चालू करंटात पोल ओढला की ठिणगी पडते आणि तारेला काळा डाग बसतो, पुढच्या वेळी चाक तिथेच गचका खातं. मग दोरा खाली ओढा, चाक तारेच्या चार बोटं खाली आलं की खांब नसलेल्या बाजूने, म्हणजे वळणाच्या आतल्या अंगाने, अर्धं वर्तुळ फिरवा. दुसऱ्या टोकालाही त्याच अंगाने परत आणा, म्हणजे खालच्या वायरला पीळ बसत नाही. तारेवर ठेवताना पोल सोडून देऊ नका. दोरा हातात ठेवून हळूहळू वर जाऊ द्या, चाक तारेला लागल्याचा बारीक 'टक' ऐका, मग दोऱ्याला किंचित डावी-उजवीकडे हालवून पाहा. चाक खाचेत बसलं असेल तर पोल जागचा हलत नाही. कडेवर टेकलं असेल तर लगेच घसरतं, ते आत्ताच घसरलेलं बरं.

हे काम प्रदर्शनात पोरांनाच करू द्या. पाहुण्यांनाही दोरा हातात द्या. स्वयंचलित करायची हौस काहींना असते, सर्वो मोटर लावतात, पण मग ती नुसती दुरून बघायची गाडी होते.

दिवसभर चालवल्यावर तार कोरड्या सुती फडक्याने पुसा, सँडपेपर लावू नका, ओरखडे राहतात. चाकाची खाच भिंगाखाली पाहा. एका बाजूला जास्त घासली असेल तर बेचकं वाकडं आहे, पकडीने सरळ करा. आणि गाडी ठेवताना पोल तारेवर किंवा मोकळा ठेवायचा नाही. छतावर एक छोटा हुक लावा आणि पोल त्याच्या खाली अडकवून ठेवा. स्प्रिंग थोडी ताणलेली राहील, तिला चालतं.