शिलावर्तुळाची नोंद कशी घ्यावी

नागपूरजवळची काटोल रोडवरची जुनापाणीची शिलावर्तुळं म्हणजे मोठ्या शिळा गोलाकार मांडलेली लोहयुगातली दफनं. ब्रिटिश अधिकारी रिव्हेट-कार्नॅकने १८७९ मध्येच त्यांच्यावर लिहून ठेवलंय. अशा ठिकाणी इतिहासवाले दगड मोजतात, निसर्गवाले झाडं. दोन्ही एकाच वहीत लिहा, कारण शिळा जागची हलली का हे पुष्कळदा तिच्यावरचं दगडफूल (लायकेन) सांगतं.

जायचं ते डिसेंबर-जानेवारीत. पावसाळ्यात तरोटा आणि गवत शिळा झाकून टाकतं, एप्रिलनंतरच्या उन्हाबद्दल नागपूरकरांना काय सांगायचं! सोबत ३० मीटरची टेप, होकायंत्र, आलेख कागद, पेन्सिल. पहिल्या पानावर मौजा, तालुका, खसरा (शेताचा सर्व्हे) क्रमांक आणि गुराखी त्या वावराला काय म्हणतात ते.

होकायंत्र शिळेवर टेकवू नका. शिळा बसाल्ट या काळ्या दगडाच्या असतात, त्यातल्या लोहखनिजामुळे काटा सरकतो. दोन-तीन मीटर लांबून, दोन जागांवरून दिशा घ्या. फरक आला तर आणखी मागे सरका. उत्तरेच्या शिळेला क्रमांक १, पुढे घड्याळाच्या काट्याप्रमाणे. मातीतून जेमतेम टोक दिसतं त्या शिळाही धरा. व्यास उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम असा दोनदा घ्या, आणि तो शिळांच्या आतल्या कडेपासून घेतला की बाहेरच्या, हे लिहाच. नाहीतर एकाच वर्तुळाची दोन मापं फिरत राहतात.

काही शिळांवर वाटीसारखे खळगे कोरलेले आहेत. बसाल्टला वायूच्या बुडबुड्यांची भोकंही असतात, पण ती कशीही विखुरलेली, लहानमोठी. कोरलेले खळगे बहुधा ओळीत आणि साधारण एका मापाचे. फोटो कोवळ्या किंवा कलत्या उन्हात, पट्टी ठेवून काढा. भर दुपारी खळगे सपाट दिसतात. खळगे उठून दिसावेत म्हणून खडू मात्र अजिबात फिरवायचा नाही.

आता दगडफूल. ते अतिशय सावकाश वाढतं, म्हणून शिळेची एकच बाजू कोरी असेल तर ती अलीकडे फुटली असावी. मातीला टेकलेल्या बाजूखाली दगडफूल दिसलं, तर शिळा उलटली आहे, कारण उजेडाशिवाय ते वाढत नाही. मातीची जुनी रेघ जमिनीपासून वीतभर वर दिसते? मग भोवतालची माती वाहून गेली किंवा कुणी मुरूम उचलला. वर्तुळात पळस, बोर उगवलं असेल तर खोडाचा घेर १.३७ मीटर उंचीवर मोजा आणि जवळच्या शिळेपासूनचं अंतर लिहा. मुळं शिळा ढकलतात.

मणी, खापर दिसलं तर जागेवरच फोटो घ्या, शिळेचा क्रमांक टाका आणि पुरातत्त्व विभागाला कळवा. खिशात घातलेला मणी कुठल्या वर्तुळातला, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.