रास्पबेरी पायवर पीडब्ल्यूएम चालत नाही? या चुका टाळा

पीडब्ल्यूएम म्हणजे पिन झटपट चालू-बंद करून सर्व्हो (हव्या कोनात फिरणारी छोटी मोटर), पंखा किंवा एलईडी चालवणारा सिग्नल. तो बिघडला की सर्व्हो नुसताच थरथरतो, नाहीतर एलईडी पेटायचं नाव घेत नाही. मग वायर बदलली जाते, सर्व्हो बदलला जातो आणि शेवटी बोर्ड जळाला असं जाहीर होतं. पण लिनक्सवर घोळ बहुतेकदा पिन निवडताना किंवा कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, आकडे देतानाच झालेला असतो.

पिन आणि ओव्हरले

पाय ४ पर्यंतच्या बोर्डांच्या हेडरवर (पिनांच्या रांगेवर) हार्डवेअर पीडब्ल्यूएम, म्हणजे चिप स्वतः तयार करते ते, जीपीआयओ १२, १३, १८ आणि १९ वरच मिळतं; जीपीआयओ हा चिपच्या बाजूने दिलेला क्रमांक. तेही चार स्वतंत्र सिग्नल नव्हेत: १२ आणि १८ एका चॅनेलवर, १३ आणि १९ दुसऱ्यावर. त्यात भर म्हणजे हेडरवरची बारावी पिन ही जीपीआयओ १८ असते; जीपीआयओ १२ शोधायचा तर बत्तिसाव्या पिनवर जावं लागतं. गंमत अशी, की पीडब्ल्यूएमचा ओव्हरले (बूट होताना पिनचं काम ठरवणारी सेटिंग) मुळात १८ वरच सिग्नल देतो. त्यामुळे 'बारा' म्हणून चुकीच्या जागी लावलेली वायरही कधीकधी चालून जाते आणि गैरसमज पक्का होतो. ओव्हरलेमध्ये पिन १२ लिहिली तर फंक्शनही (पिनच्या कामाचा क्रमांक) ४ करावं लागतं. नुसती पिन बदलून भागत नाही.

पाय ३ वर ३.५ मिमी जॅकचा आवाज याच पीडब्ल्यूएमवर चालतो, तेव्हा गाणं आणि सर्व्हो एकत्र नकोत.

पाय ५ वरचा फसवा भाग वेगळा. तिथे जीपीआयओ १८ हा चॅनेल २ आहे. पाय ४ साठी लिहिलेली स्क्रिप्ट चॅनेल ० एक्सपोर्ट करते (वापरासाठी उघडते), कुठलीही चूक दाखवत नाही आणि १८ वर काहीच येत नाही. पीडब्ल्यूएम चिपचा क्रमांकही कर्नलच्या आवृत्तीनुसार बदललेला दिसतो. तो स्क्रिप्टमध्ये कोरून ठेवू नका.

क्रम चुकला की 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट'

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. एक्सपोर्ट केल्यावर चॅनेलच्या सेटिंगच्या फाइली मिळतात, आकडे त्यांत नॅनोसेकंदांत लिहायचे. सुरुवातीला पीरियड (एका आवर्तनाचा वेळ) शून्य असतो. तेव्हा आधी ड्यूटी सायकल (आवर्तनातला सिग्नल चालू असण्याचा वेळ) लिहिली, की ती पीरियडपेक्षा मोठी ठरते आणि कर्नल ती नाकारतो. पीरियड न देता एनेबल केलं तरी तेच. योग्य क्रम: पीरियड, ड्यूटी सायकल, मग एनेबल. सिग्नल उलटा हवा असेल तर पोलॅरिटी एनेबल करण्याआधीच ठरवा. चालू चॅनेलवर ती बदलता येत नाही.

चालू सेटिंग बदलताना हाच नियम उलट्या बाजूने अडवतो. सर्व्होसाठी ५० हर्ट्झ म्हणजे २,००,००,००० नॅनोसेकंदांचा पीरियड आणि मधल्या स्थितीसाठी १५,००,००० ची ड्यूटी. आता त्याच चॅनेलवर चार वायरींचा पीसी फॅन लावायचा तर २५ किलोहर्ट्झ, म्हणजे पीरियड ४०,०००. जुनी ड्यूटी अजून पंधरा लाखांवरच असल्याने नवा पीरियड लिहिला जात नाही. आधी ड्यूटी शून्य करा.

त्याहून वाईट चूक म्हणजे एररच न येणारी. आर्डुइनोची सवय असलेला माणूस १५०० लिहितो, कारण तिथे मायक्रोसेकंद चालायचे. इथे त्याचा अर्थ दीड मायक्रोसेकंद. कर्नलच्या दृष्टीने आकडा वैध असतो, पण सर्व्होला तो दिसतही नाही.

परवानगी

प्रशासकाच्या अधिकाराने आज्ञा चालवणारं 'सुडो' वापरून 'सुडो इको' लिहून पुढे बाणाने फाइलकडे वळवलं तरी 'परमिशन डिनाइड' येतं, कारण फाइल उघडण्याचं काम तुमचा साधा शेल करतो, सुडो नव्हे. पाइपने 'सुडो टी'कडे द्या. हाताने चालणारी आज्ञा स्क्रिप्टमध्ये अडकते का? मग एक्सपोर्टनंतर यूडेव्हला (उपकरणांच्या फाइली सांभाळणारी सेवा) फाइलचे अधिकार बदलायला क्षणभर लागतो, तेवढं थांबा. 'डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी' आलं तर चॅनेल आधीच एक्सपोर्ट झालेला असतो किंवा पंख्याचा, बॅकलाइटचा ड्रायव्हर त्यावर बसलेला असतो. कोण बसलंय ते डीबग-एफएसमधली (कर्नलची आतली माहिती दाखवणारी जागा) पीडब्ल्यूएम फाइल सांगते. मी तरी मल्टिमीटर काढण्याआधी तीच उघडतो.

थरथर

आरपीआय-जीपीआयओ या पायथन लायब्ररीचं पीडब्ल्यूएम सॉफ्टवेअरमधून चालतं. एलईडीला ते पुरतं. सर्व्होला नाही, कारण लिनक्स दुसऱ्या कामात गुंतला की पल्सची रुंदी हलते. हार्डवेअर चॅनेलवरही थरथर राहिली तर वीज बघा: सर्व्होला वेगळा ५ व्होल्टचा पुरवठा द्या, आणि दोन्हींचे ग्राउंड जोडायला विसरू नका.

बंद करताना एनेबलमध्ये थेट शून्य लिहू नका. त्यानंतर पिन कुठल्या पातळीवर राहील हे ड्रायव्हरवर अवलंबून असतं आणि मोटर पूर्ण वेगात अडकू शकते. आधी ड्यूटी शून्य करा, मग बंद करा. बोर्ड बूट होत असतानाचा काळ मात्र कुठल्याच स्क्रिप्टच्या हातात नसतो. मोटर ड्रायव्हरच्या इनपुटवर ग्राउंडकडे जाणारा १० किलोओहमचा रेझिस्टर लावा.