मंदीत गाळ्याचं भाडं कमी करून घेताना

‘काका, परवडत नाही हो’ हे वाक्य घेऊन गाळामालकाकडे जाऊ नका. परवडत त्यांनाही नसतं, आणि ते तसं लगेच सांगतात. मग दोन्हीकडचं रडगाणं सारखंच होतं आणि आपण चहा पिऊन परत.

भोसरी एमआयडीसीत आमचं भाड्याच्या गाळ्यात छोटं वर्कशॉप आहे. दोन सीएनसी आणि एक व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारी धातू कापायची मशीनं, आणि ट्रकच्या पिना आणि बुशांचं जॉबवर्क. मशीन हे बघतात, हिशेब माझ्याकडे. त्यामुळे २०१९ च्या मंदीत भाड्याचं बोलणं माझ्याच वाट्याला आलं.

ती मंदी आमच्या पट्ट्यावर चहूबाजूंनी आली होती. जुलै २०१८ मध्ये ट्रकची एक्सल-लोडची, म्हणजे एका आसावर किती वजन चालेल याची, मर्यादा वाढली. जुन्याच गाड्या जास्त माल नेऊ लागल्या, मग नवा ट्रक घेतंय कोण? त्याच वर्षी आयएल अँड एफएस ही मोठी वित्तकंपनी अडचणीत आली आणि फायनान्स कंपन्यांनी हात आखडला. एप्रिल २०२० पासून बीएस-सहा हे धुराचे नवे नियम येणार म्हणून गिऱ्हाईकही थांबलेलं. ऑगस्ट २०१९ मध्ये देशातली प्रवासी गाड्यांची विक्री आदल्या ऑगस्टपेक्षा तीस टक्क्यांहून जास्त पडली. मोठ्या कंपन्यांत ब्लॉक क्लोजर लागले, म्हणजे काही दिवस कारखानाच बंद, आणि आमचं शेड्यूल, म्हणजे कंपनीकडून येणारी मालाची मागणी, निम्म्यावर आलं.

मालकाला हे कळायला हवं, कारण त्याला दिसायला हवं की काम सगळ्या पट्ट्याचं आटलंय, तुमचा एकट्याचा धंदा बुडत नाहीये. बुडणाऱ्या भाडेकरूला कोणी सवलत देत नाही. त्याची अनामत आधी दाबून ठेवतात. म्हणून कागद न्या: कंपनीकडून आलेली आधीची आणि आताची शेड्यूलं, आणि वीजबिलं. वीजबिल सगळ्यात उपयोगी. युनिट किती घटले ते वाद न घालता दिसतं, शिवाय आमच्याकडे मीटर मालकाच्याच नावावर आहे, म्हणजे त्यांना ते आधीच माहीत होतं.

आता हिशेब. आमचं भाडं होतं ३८,००० रुपये. गाळा रिकामा झाला तर मंदीत नवा भाडेकरू मिळायला तीन महिने धरा. मालकाचे १,१४,००० गेले. वर एजंटची दलाली. मी मागितली सहा महिने दहा हजारांची सूट, म्हणजे ६०,०००. हा आकडा मी तोंडाने बोलले नाही, एका कागदावर दोन रकाने करून त्यांच्यासमोर ठेवला. बोलून दाखवला असता तर धमकी वाटली असती.

आपली बाजू लंगडी कुठे आहे, तेही जाण्याआधी ओळखा. मशीनवाला भाडेकरू सहजी उठत नाही हे मालकाला पक्कं माहीत असतं. व्हीएमसी हलवायची म्हणजे हायड्रा क्रेन, ट्रेलर, नवी बैठक, लेव्हलिंग, वायरिंग, आणि तेवढे दिवस उत्पादन बंद. म्हणून तळवड्याकडचे दोन-चार गाळे खरोखर बघून या आणि शिफ्टिंगचं कोटेशन हातात ठेवा. दाखवायची गरज बहुधा पडत नाही. पण ते हातात असलं की आवाज वेगळा लागतो.

वेळ निवडा. आमच्याकडे औद्योगिक सुट्टी गुरुवारी, तेव्हा मालक निवांत असतात. चालू महिन्याचं भाडं आधी भरायचं, मग विषय काढायचा. थकबाकी ठेवून सूट मागणाऱ्याचं कोणी ऐकत नाही. मी ऑगस्टच्या शेवटी गेले, त्यामागेही विचार होता. पुढे गणपती, लगेच पितृपंधरवडा. त्या पंधरवड्यात नवा गाळा कोणी घेत नाही, म्हणजे दसऱ्यापर्यंत कुलूपच. हे मला सांगावं लागलं नाही, काकांनी, म्हणजे आमच्या गाळामालकांनी, स्वतःच भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

खरी गाठ मात्र पैशांची नव्हती. आमचे काका एकेकाळी त्याच शेडमध्ये स्वतःचं प्रेस शॉप, म्हणजे पत्रा दाबून भाग काढायचं वर्कशॉप, चालवायचे. मंदी त्यांना शिकवावी लागली नाही. ते म्हणाले, ‘वहिनी, एकदा भाडं खाली आलं की वर येत नाही. शेजारचे पाच भाडेकरू उद्या माझ्या दारात.’ आणि ते बरोबर होतं. करारातलं भाडं कमी झालं की पुढची दहा टक्के वाढ त्या कमी आकड्यावर बसते, आणि बँक जागेची किंमत काढताना तोच आकडा धरते. तेव्हा ‘भाडं कमी करा’ म्हणूच नका. करारातलं भाडं आहे तेच राहू दे, ठरावीक महिन्यांची सवलत मागा. एवढ्या एका बदलाने बोलणं पुढे सरकलं. शेजारच्यांना सांगणार नाही, हा शब्द मी दिला आणि पाळलाही.

बदल्यात काहीतरी द्या. गळक्या पत्र्याचं काम आम्ही आमच्या खर्चाने करून दिलं, आणि सहा महिन्यांचे पुढच्या तारखांचे चेक. लॉक-इन, म्हणजे ठरावीक काळ गाळा न सोडायची अट, वाढवून देण्याच्या फंदात मात्र मंदीत पडू नये. काम आणखी आटलं तर त्यातच अडकाल.

शेवटी ३१,००० वर जमलं.

मधे दोन गोष्टी पुढे येतील. एक, ‘अनामतीतून वळते करून घ्या.’ ही सवलत नव्हे, ते आपलेच पैसे. दुसरी, ‘आत्ता कमी द्या, मागाहून भरा.’ एप्रिल २०२० मध्ये राज्याच्या गृहनिर्माण विभागाने घरमालकांना तीन महिने भाडेवसुली पुढे ढकलायला सांगितलं, तेव्हा पुष्कळ भाडेकरूंना भाडं माफ झाल्यासारखं वाटलं. ते फक्त पुढे ढकलणं होतं. घेताना यातलं काय मिळतंय ते विचारून घ्या.

कागद त्याच आठवड्यात करा. मूळ करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ ती जबाबदारी मालकावर टाकतं. सवलतीसाठी आम्ही दोघांच्या सह्यांचं साधं पत्र केलं: ‘दि. १ सप्टेंबर २०१९ ते २९ फेब्रुवारी २०२० या काळात मासिक भाड्यात रु. ७,००० सवलत. करारातील मूळ भाडे, अनामत व वाढीची अट कायम. सवलतीची रक्कम नंतर वसूल केली जाणार नाही.’ शेवटचं वाक्य विसरू नका. मालक जीएसटी लावत असेल तर बिलही कमी रकमेचंच घ्या. ‘बिल पूर्ण, फरक रोख परत’ यात अठरा टक्के जास्तीच्या रकमेवर जातात आणि हातात पुरावा राहत नाही.

मालक भाड्यावर हललेच नाहीत, तर विजेकडे वळा. मशीन बंद असलं तरी मंजूर भाराप्रमाणे, म्हणजे जोडणीला मंजूर असलेल्या क्षमतेप्रमाणे, आकार येतच राहतो. भार कमी करायचा अर्ज मीटरधारकाच्या सहीने जातो, आणि त्यात मालकाच्या खिशातलं काही जात नाही, म्हणून सही सहसा मिळते. पुढे भार वाढवायला पुन्हा अर्ज आणि खर्च आहे, तो आपण करू असं लिहून द्या. गाळा मोठा असेल तर मधे पार्टिशन घालून अर्धा परत द्यायचाही पर्याय असतो. पण आधी मशीनच्या भोवती माणूस फिरेल एवढी जागा उरते का ते टेपने मोजा.

आणि खरंच उठायची वेळ आली, तर नोटिशीचा काळ करारात बघून लेखी नोटीस द्या, अनामत परतीची तारीख त्याच पत्रात मागा, आणि हायड्रावाल्याला गुरुवारच सांगा. बाकीच्या दिवशी आमच्या गल्लीत टेम्पोंमुळे ट्रेलर वळत नाही.