मे महिन्यात कातळसड्यावर सहकुटुंब मुक्काम

रत्नागिरी-राजापूरची कातळशिल्पे पाहण्यासाठी मे महिन्याच्या सुट्टीत तंबू घेऊन गाडीने निघायचे असेल, तर समुद्र जवळ आहे हे विसरून सड्याला, म्हणजे कातळाच्या उघड्या पठाराला, वाळवंट समजूनच तयारी करावी. सकाळी दहापासून जांभ्याचा उघडा कातळ तापू लागतो, सावलीला झाड नसते आणि पावसाचे पाणी त्या सच्छिद्र दगडातून केव्हाच झिरपून गेलेले असते. शिवाय दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून अंग निवत नाही. लहान मुलांच्या बाबतीत हे फार उशिरा लक्षात येते.

त्यामुळे दिवसाची आखणी सूर्याप्रमाणे करावी. पहिल्या दिवशी सकाळी उजाडताच उक्षी गावातला कातळात कोरलेला हत्ती पाहावा, दुपार पावस गावाच्या बाजूला एखाद्या घरगुती खाणावळीत किंवा आमराईत काढावी आणि पाच वाजल्यानंतर काशेळीला पोहोचावे. तिथला हत्ती सुमारे १८ मीटर लांबीचा असून त्याच्या पोटात कितीतरी प्राणी कोरलेले आहेत. उन्हे तिरपी असली की कोरीव रेषांत सावली भरते आणि चित्र उठून दिसते. भर दुपारी तोच कातळ सपाट भासतो. बारसू आणि देवाचे गोठणे या गावांतली शिल्पे दुसऱ्या दिवसासाठी ठेवावीत.

तंबूच्या खुंट्या कातळात शिरत नाहीत, हे अनेकांना तिथे गेल्यावरच कळते. सड्यावर संध्याकाळचा वारा जोराचा असतो, म्हणून लांब दोऱ्या न्याव्यात आणि त्या जड चिऱ्यांना बांधाव्यात. मात्र दगड हाताने उचलण्यापूर्वी काठीने हलवून पाहावा, कारण त्याखाली फुरसे हा विषारी साप किंवा विंचू असू शकतो. रात्री बॅटरी व बूट वापरावेत आणि सकाळी बूट झटकूनच पाय घालावा. सर्पदंश झाल्यास जखम कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. दंश झालेला हात किंवा पाय स्थिर ठेवून १०८ ला फोन करावा.

पिण्याचे पाणी माणशी रोज पाच लिटर तरी धरावे. सोबत कोकमाचे आगळ, म्हणजे मीठ घातलेला दाट रस, अवश्य घ्यावे. त्यातल्या मिठाने घामावाटे गेलेले क्षार भरून निघतात. बंद गाडीत मुलांना क्षणभरही ठेवू नये.

बरीचशी शिल्पे खाजगी जमिनीत आहेत, तेव्हा मुक्कामाआधी मालकाची परवानगी घ्यावी. सुके गवत ठिणगीनेही पेटते, म्हणून चूल मांडू नये. २०२२ पासून ही शिल्पे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत. फोटोसाठी त्यांच्या रेषांत खडू भरू नये आणि तंबू शिल्पापासून दूरच लावावा.